अठरा वर्षे पूर्ण झाली, आता जा: बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी गोव्याच्या आमदारांना खुले पत्र

गोवा विधानसभेच्या चाळीसही सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. आता निवृत्त आहे आणि फोंडा तालुक्यात राहतो. हे पत्र आपल्या राज्यातल्या बालगृहांत वाढून अठरा वर्षे पूर्ण होताच तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींविषयी आहे. वयाने ती मतदार होतात, पण यादीत नाव घालायला पत्ता लागतो आणि नेमका तोच त्यांच्याजवळ नसतो. त्यामुळे निवडणुकीत त्यांच्याकडे कोणी जात नाही आणि निवडणुकीनंतर ती कोणाकडे जाऊ शकत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे की, मुलाने संस्था कधी सोडायची हे त्याच्या जन्मतारखेवरून ठरू नये. राहायला खोली, हातात सगळी कागदपत्रे आणि महिन्याला काही ठरलेली मिळकत, एवढी सोय झाल्यावरच त्याला निरोप द्यावा. तोवर त्याची जबाबदारी सरकारची. यासाठी लागणारे बहुतेक सगळे कायद्यात आणि नियमांत आधीच लिहिलेले आहे. गोव्याने ते सवलत म्हणून न ठेवता हक्क म्हणून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. बालगृहातली मुले बहुतेक वेळा एक-दोन वर्षे मागे पडलेली असतात. कोणी रेल्वे स्टेशनवर सापडलेला, कोणाचे आईवडील बांधकामावर फिरणारे, कोणाची शाळाच मुळी संस्थेत आल्यावर सुरू झालेली. दहावी होईपर्यंत सतरावे वर्ष उजाडते. आयटीआयला प्रवेश घेतात आणि पहिल्याच वर्षी अठरा पूर्ण होतात. घरी राहणाऱ्या मुलाच्या आयुष्यात त्या दिवशी केक कापण्यापलीकडे काही घडत नाही. बालगृहातल्या मुलाची मात्र कोर्सच्या मधोमध राहण्याची जागा जाते.

असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळे हात धुवायला गेले तरी तो घुटमळत राहिला. मग त्याने विचारले, “सर, म्हजें टूलकिट हांगाच दवरूं?” टूलकिट वर्कशॉपच्या लॉकरमध्ये ठेवू का, असे त्याला विचारायचे होते. मुलांनी ते घरी न्यावे, घरातला एखादा बंद पडलेला पंखा उघडून बघावा, असे आम्हीच सांगायचो. कारण विचारले तेव्हा कळले की तो बालगृहातून बाहेर पडला होता आणि एका खानावळीच्या मागच्या खोलीत दोन वाढप्यांबरोबर झोपत होता. जागेचे भाडे नव्हते, त्याबदल्यात रात्री भांडी घासायची. पक्कड, टेस्टर, वायर स्ट्रिपर तिथे ठेवले तर सकाळपर्यंत राहतील याची खात्री नव्हती. थिअरीच्या तासाला तो पेंगायचा, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

त्याच्याकडे एक प्लास्टिकची फाईल होती. त्यात शाळा सोडल्याचा दाखला, बालगृहाचा पत्ता असलेले आधार कार्ड आणि बाल कल्याण समितीच्या, म्हणजे मुलाला संस्थेत ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या समितीच्या, आदेशाची झेरॉक्स. जन्मतारीख १ जून. ती कोणी आणि कशावरून लिहिली, त्याला ठाऊक नव्हते. या मुलांच्या कागदांवर १ जून आणि १ जानेवारी मी अनेकदा पाहिली आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेची नोंद किंवा जन्मदाखला बघतात, आणि दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी करून वय ठरवतात. या तपासणीत दोन वर्षांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच नोंदवले आहे. म्हणजे ज्या तारखेला आपण मुलाला निरोप देतो ती तारीखच पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते. अशा अंदाजावर कोणाचे छप्पर काढून घेऊ नये.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला माहीत असेलच, तरी थोडक्यात मांडतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदत देता येते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला पंचविसावा नियम त्याहून पुढे जातो. आफ्टरकेअर, म्हणजे संस्थेनंतरचा आधार, एकविसाव्या वर्षापर्यंत द्यावा आणि अपवादात्मक स्थितीत आणखी दोन वर्षे वाढवावा, असे त्यात आहे. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरे, शिकत असताना विद्यावेतन, कौशल्य प्रशिक्षण आणि नोकरी मिळवून देणे, नियमित भेटणारा समुपदेशक, धंद्यासाठी कर्ज, हे सगळे त्या नियमात आहे. संस्था सोडायच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा तयार करून समितीपुढे ठेवायचा, असेही आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत आफ्टरकेअरसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

एवढे असूनही मुले खानावळीच्या मागच्या खोलीत का पोहोचतात? मला दिसलेले पहिले कारण असे की, कायद्याच्या भाषेत ही मदत देता येते, ती दिलीच पाहिजे असे नाही. ती मिळवायला आदेश हवा, आदेशासाठी कोणीतरी मागणी करायला हवी. अठरा वर्षांच्या पोराला असा नियम आहे हेच कोणी सांगितलेले नसते. सांगितले तरी, लहानपणापासून बेलवर उठणाऱ्या आणि रांगेत जेवणाऱ्या मुलाला बाहेरच्या मोकळेपणाचे इतके आकर्षण असते की तो म्हणतो, मला जायचे आहे. चार महिन्यांनी तो पस्तावतो. घरातून रागाने गेलेला मुलगा परत येऊ शकतो, याला परतीची वाट नसते. म्हणून माझी मागणी अशी की, एकदा बाहेर पडलेल्यालाही तेवीस वर्षांचा होईपर्यंत कधीही परत येऊन आधार मागता यावा.

तेवीस हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजना आली. तिच्यात अठरा ते तेवीस दरमहा मदत आणि तेवीस पूर्ण झाल्यावर दहा लाख रुपये आहेत. त्या मुलांना हे मिळायलाच हवे होते. पण आईवडील कोविडने गेले काय, दारूने गेले काय, की जिवंत असून सांभाळायला असमर्थ ठरले काय, मुलाच्या वाट्याला येणारी रात्र तीच असते. अठराव्या वर्षी माणूस एकट्याने उभा राहू शकत नाही, हे सरकारने तिथे मान्य केले आहे. तेच इथेही मान्य करावे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बालगृहातली पुष्कळ मुले अनाथ नाहीत. एखाद्याची आई आहे पण आजारी, बाप तुरुंगात आहे किंवा घर असे आहे की समितीनेच त्याला तिथून बाहेर काढले. ‘अनाथांसाठी’ म्हणून योजना निघते तेव्हा ही मुले त्यातून गळतात. आणि अठरा झाल्यावर “घर आहे ना, घरी जा” म्हणून त्यांना त्याच उंबरठ्यावर परत नेले जाते. मुलींच्या बाबतीत तर हे भयंकर आहे. निकष अनाथपणाचा न ठेवता संस्थेत किंवा फॉस्टर कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याचे मूल काही काळ सांभाळणाऱ्या घरात, काढलेल्या वर्षांचा ठेवावा.

आता घराचे बोलतो. पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव इथे ४,००० रुपयांत एकट्याची खोली शोधून दाखवावी. जी घरे पूर्वी महिन्याच्या भाड्याने जायची ती आता पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने जातात. मिळालीच खोली, तर दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट. तेही कुठून जमवले, तर मालक विचारतो, घरचे कोण? गाव कुठचे? जामीन कोण राहणार? पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर कायमचा पत्ता लिहायचा असतो. बालगृहाचा पत्ता लिहिला की मालकाचा चेहरा बदलतो. मी स्वतः अशा एका मुलाबरोबर खोली बघायला गेलो होतो. मालकीणबाई चांगल्या होत्या, चहा दिला, आणि मुलगा बाहेर चपला घालत असताना हळूच मला म्हणाल्या, “तसली मुले नकोत हो सर, उद्या काही झाले तर कोणाला धरायचे?” त्यांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर हवे. ते उत्तर सरकारनेच द्यावे. भाडेकरारावर जामीनदार म्हणून महिला व बालविकास खात्याने सही करावी, डिपॉझिट खात्याने भरावे आणि खोली सोडताना ते खात्याकडे परत यावे. यात खर्च नाममात्र आहे आणि घरमालकाची भीती जागच्या जागी संपते.

गोव्यात घरांचा तुटवडा आहे असेही नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडचे पाचातले एक घर रिकामे आढळले होते. कोणी मुंबईत, कोणी आखातात, कोणी लंडन-लिस्बनला, आणि इथे कुलूप. सरकारी क्वार्टर्सही ठिकठिकाणी बंद दिसतात. नियमात म्हटलेली सहा-आठ जणांची घरे यातूनच उभी राहू शकतात. मोठ्या इमारती मुळीच बांधू नका, त्या पुन्हा वसतिगृहे होतील. वस्तीतले साधे घर हवे, जिथे मुले स्वतः भात लावतील, विजेचे बिल भरतील, शेजाऱ्याशी भांडतील आणि चवथीला त्याच शेजाऱ्याकडे करंज्या खायला जातील. गृहनिर्माण मंडळाच्या पुढच्या प्रत्येक वसाहतीत काही छोट्या सदनिका या मुलांसाठी माफक भाड्याने राखून ठेवाव्यात. २०२५ मध्ये आपण ‘म्हजें घर’ योजना आणली, वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या घरांना कायद्याचा आधार दिला. ज्यांना कायदेशीर करून घ्यायलाही घर नाही त्यांच्याकडे वळायची वेळ आता आली आहे. हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये सुख-आश्रय कायदा करून अशा मुलांना ‘राज्याची मुले’ मानले, सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्यांची जबाबदारी घेतली आणि घर बांधायला जमीन व पैसे देऊ केले. डोंगराळ राज्याला जे सुचले ते साडेचौदा लाख वस्तीच्या गोव्याला झेपणार नाही, हे मला पटत नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. संस्थेतल्या मुलीचे लग्न लावून दिले की पुनर्वसन झाले, असे मानणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण माहेर नसलेल्या मुलीने सासरी मार खाल्ला तर ती जाणार कुठे? दुसरी वाट म्हणजे कोणाच्या घरी राहून घरकाम किंवा आजारी म्हाताऱ्यांची सेवा. काम गेले की जागाही गेली, म्हणून सगळे सोसायचे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना आहे, सखी निवास नावाची. त्यात बालगृहातून आलेल्या मुलींसाठी जागा राखाव्यात आणि पहिला पगार होईपर्यंत त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत.

मुलांचेही असेच होते. किनाऱ्यावर काम लगेच मिळते, कारण जेवण आणि झोपायला जागा कामाबरोबरच येते. शॅकवाले, म्हणजे किनाऱ्यावर हंगामी खानावळी चालवणारे, ३१ मेपर्यंत शॅक मोडतात. पाऊस सुरू व्हायला आणि या मुलांची नोकरी व बिछाना एकाच दिवशी जायला गाठ पडते. बाकीचे वाढपी आपापल्या गावी जातात. हा कुठे जाणार? एका मुलाने मला सांगितले होते की जून महिना तो मित्रांच्या घरी फिरून काढायचा, एका घरी चारपेक्षा जास्त दिवस राहायचे नाही असे त्याने ठरवले होते. पाचव्या दिवशी मित्राची आई वाढते, पण बघत नाही, असे तो म्हणाला. कोणाच्याही आईने असे करू नये असे आपण म्हणू, पण रोज एक ताट वाढवणे काय असते हे आपल्यालाही माहीत आहे.

कामाच्या बाबतीत माझा अनुभव सांगतो की ही मुले कष्टाला कमी नसतात. हाताला वळण असते, शिस्त असते. अडतात ती दोन ठिकाणी. वेर्ण्याच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळाली तर विद्यावेतनात भाडे आणि जेवण दोन्ही बसत नाही. घरून येणारा मुलगा ते वर्ष आईच्या हातचे खाऊन काढतो आणि पुढे कायम होतो. हा मुलगा तिसऱ्या महिन्यात सोडतो आणि डिलिव्हरीच्या बाइकवर बसतो. अप्रेंटिसशिपच्या काळात राहण्याचा खर्च सरकारने उचलला तर तोच मुलगा वर्षभरात पायावर उभा राहील. ४,००० रुपयांचा खरा उपयोग तिथे आहे, आणि त्यात राज्याने स्वतःची भर घालावी. ज्याला जहाजावर जायचे आहे त्याला पासपोर्ट आणि प्रशिक्षणाचे पैसे लागतात. गोव्यातली किती घरे जहाजाच्या पगारावर उभी राहिली हे आपण जाणतो. पण त्यासाठी लागणारे पैसे आजवर कोणीतरी मामाने, काकाने उसने दिलेले असतात. इथे तो मामा सरकारने व्हावे.

दुसरी अडचण कागदाची आहे, आणि ती मला सगळ्यात अन्यायाची वाटते. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. स्थानिक मुलांना काम मिळावे म्हणून ही अट आहे, आणि तिला माझा विरोध नाही. पण सातव्या-आठव्या वर्षी समितीच्या आदेशाने बालगृहात आलेल्या मुलाची अठराव्या वर्षी दहा-अकरा वर्षेच भरतात. त्याआधी तो कुठे होता याचा पुरावा कोण देणार? आईचे नाव अर्धवट, गाव अंदाजाने. तो कोकणी बोलतो, इथल्या शाळेत शिकला, सरकारच त्याचे पालक होते, आणि तेच सरकार त्याला सांगते की तू इथला असल्याचे सिद्ध कर. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाच्या हाती नियम बदलणे नाही, ते तुमच्या हाती आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने गोव्यात वाढलेल्या मुलाला या अटीतून सूट द्या, किंवा समितीचा आदेश हाच रहिवासाचा पुरावा धरा. महाराष्ट्राने २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिले आहे. गोव्यानेही तसा विचार करावा. ते होईपर्यंत निदान गोवा मानव संसाधन विकास महामंडळाच्या भरतीत या मुलामुलींना प्राधान्य मिळावे. सरकारी कार्यालयांना सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी पुरवणारे हे सरकारचेच महामंडळ आहे. तिथून सुरुवात करायला कोणाची आडकाठी येऊ नये.

इतर कागदांसाठी सतरावे वर्ष पुरे आहे. जन्मदाखला, आधारवरचा मोबाइल नंबर, पॅन, बँक खाते, शक्य असेल तिथे जातीचा दाखला, हे सगळे मूल संस्थेत असतानाच पूर्ण व्हावे. अधीक्षकांची एक सही जे काम करते ते बाहेर पडल्यावर सहा खेपांत होत नाही. आणि समुपदेशक नावापुरता नको. मुलाला रात्री ताप भरला, मालकाने पगार बुडवला, पोलिसांनी उगाच थांबवले, तर फोन करता येईल असे एक माणूस हवे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आजही अशा वेळी मला फोन करतात. मला ते आवडते. पण एखाद्या मुलाचा आधार निवृत्त मास्तराच्या फोनवर अवलंबून असणे बरे नव्हे.

हे सगळे करणारी माणसे आपल्याकडे आहेत. मेरशीचे ‘अपना घर’ सरकारचे आहे, शिवाय अनेक सेवाभावी आणि चर्चशी निगडित संस्था वर्षानुवर्षे या मुलांना सांभाळत आल्या आहेत. तिथल्या ताई आणि सिस्टर स्वतःच्या पर्समधून मुलांच्या बसचे पैसे देतात. त्यांच्यावर आणखी एक परिपत्रक टाकून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना माणसे आणि पैसा द्यावा लागेल. २००३ साली आपल्या याच विधानसभेने गोवा बाल कायदा केला. मुलांसाठी स्वतःचा असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत गोव्याची गणना होते. त्या कायद्यात अठरा ते तेवीस या वयासाठी एक प्रकरण घालता येईल, आणि संस्था सोडण्याआधी खोली, कागद व मिळकत यांची खातरजमा झाल्याचे समितीने लेखी नोंदवणे बंधनकारक करता येईल.

पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी तारांकित प्रश्न विचारावा. गेल्या पाच वर्षांत किती मुलामुलींनी अठरा पूर्ण करून संस्था सोडली? त्यांतल्या किती जणांचा पुढचा आराखडा दोन महिने आधी तयार होता? किती जणांच्या खात्यात आफ्टरकेअरचे पैसे पोहोचले? आज ती कुठे राहतात आणि काय काम करतात? उत्तर सभागृहाच्या पटलावर आले की पुढचे बोलणे सोपे होईल. गोव्यात ही संख्या हजारांत नसणार. प्रत्येकाचे नाव, खोली आणि काम एका वहीत मावेल, इतके आपले राज्य लहान आहे.

फोंडा तालुक्यात असे सहा-आठ मुलांचे घर सुरू करायचे ठरले, तर त्याचे सगळे वायरिंग मी आणि माझे जुने विद्यार्थी एक पैसा न घेता करून देऊ. त्यात बालगृहात वाढलेले तिघे आहेत आणि दोघांकडे स्वतःचे लायसन्स आहे. वायर, स्विच आणि मीटर तेवढे सरकारने द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त आयटीआय इन्स्ट्रक्टर
फोंडा, गोवा